पिशव्या, बॅगा आणि एक वाकळ

चेनवाली पहिली बॅग शिवली ना, तेव्हा दोन्ही बाजूंच्या टिपा मारून झाल्या, तळ शिवून झाला, जादाचे दोरे कापले, मोठ्या कौतुकाने सुलट करायला घेतली आणि लक्षात आलं की चेन बंद आहे. म्हणजे बॅग उलटी, रनर (चेन उघडायला-लावायला सरकवतो तो) आतल्या बाजूला अडकलेला आणि हात घालायला जागाच नाही. मग काय, ब्लेड घेऊन एक बाजू अख्खी उसवली. नंतर कळलं की बॅगा शिवणारी प्रत्येक बाई एकदा तरी हे करतेच, मी दोनदा केलं. आता बाजूच्या टिपा मारायच्या आधी चेन अर्धी उघडी आहे का ते बघते, ते इतकं अंगवळणी पडलंय की परवा उशीचा अभ्रा शिवतानाही चेन शोधत होते.

सुरुवात झाली ती 2018 ला. महाराष्ट्रात प्लास्टिकबंदी आली, मार्चमध्ये अधिसूचना आणि 23 जूनपासून दंड, पहिल्या वेळी पाच हजार, आणि आमच्या भाजीवाल्याने एका दिवसात कॅरीबॅग देणं बंद केलं (पुढे काय झालं ते आपल्या सगळ्यांना माहितीये, जाऊदे). घरात आईची काळी मशीन होती, चाकाला हाताने फिरवायची, तिला मोटर बसवून घेतली आणि जुन्या चादरीच्या सहा पिशव्या शिवल्या. दोन चौकोन, तीन बाजू शिवायच्या, वर दोन बंद. पंधरा मिनिटात एक. पण त्या पिशवीत दोन किलो कांदे आणि एक दुधी टाकला की ती लांबुळकी होऊन गुडघ्यावर आपटते, खाली ठेवली की आडवी पडते, म्हणून मग तळाचे कोपरे शिवायला शिकले. म्हणजे पिशवी उलटी असताना खालचा कोपरा चिमटीत धरून त्याचा त्रिकोण करायचा, बाजूची शिवण आणि तळाची शिवण एकावर एक आणायची आणि टोकापासून दोन इंच आत आडवी टीप मारायची. टोकापासून दोन इंच म्हणजे तळ चार इंच रुंद होतो. हे मला कोणी सांगितलं नाही, घरातली एक तयार बॅग उसवून बघितली. खरं सांगू का, बॅग शिवायला शिकायची असेल तर एक चांगली शिवलेली जुनी बॅग बळी द्यायची, त्याच्यासारखा क्लास नाही. आधी काय शिवलंय आणि नंतर काय, पट्टा कुठल्या दोन थरांत दाबलाय, सगळं उलट्या क्रमाने समोर येतं.

मग चटक लागली. पुण्यात रविवार पेठेत जायला लागले, तिथे बॅगेचं सगळं सामान एका गल्लीत मिळतं, फोम, कॅनव्हास, निवारीचा पट्टा, डी रिंगा, मॅग्नेट बटन, पाच नंबरची चेन मीटरवर आणि रनर वेगळे डझनावर. चेनमध्ये रनर घालायचा असतो हेच मला माहीत नव्हतं! चेनच्या एका टोकाचे दात अर्धा इंच मागेपुढे कापायचे, एक बाजू आधी रनरमध्ये सरकवायची मग दुसरी, आणि दोन्ही सारख्या ओढायच्या, नाहीतर चेन एका बाजूला फुगते. दुकानातला मुलगा हे बोलता बोलता दोन सेकंदात करतो, मी घरी सोफ्यावर बसून पाऊण तास.

खणाची बॅग करायची प्रत्येकीला हौस असते, मलाही होती. खण दिसायला देखणा, पण कापला की कडेने धागे सुटायला लागतात, तुम्ही मापं घेईपर्यंत पाव इंच कापड गायब. त्याला मागून फ्यूजिंग, म्हणजे इस्त्रीने चिकटणारं अस्तर, चिकटवून मगच कापायचं. फ्यूजिंगची एक बाजू खरखरीत असते ती गोंदाची, ती कापडाकडे. मी उलटं ठेवलं आणि इस्त्री फिरवली. इस्त्रीचा तवा घासायला एक रविवार गेला आणि नवऱ्याच्या ऑफिसच्या शर्टावर पुढचे आठ दिवस चॉकलेटी ठिपके.

पण बॅगेत सगळ्यात महत्त्वाचं काय असेल तर पट्टा कुठे आणि कसा जोडलाय. नुसती आडवी टीप मारली की वजनाने तिथलं कापडच फाटतं, दोरा नाही, कापड. म्हणून पट्ट्याच्या टोकाला चौकोन शिवायचा आणि चौकोनात फुली. आणि आतून एक जास्तीचा कॅनव्हासचा तुकडा. सुई सोळा नंबरची, जीन्स असेल तर अठरा. चौदाने जीन्सच्या चार थरांवरून जायला गेले होते, सुई तुटून टोक चष्म्यावर आलं. चष्मा होता म्हणून.

तर दोन-तीन वर्षं हे सगळं घट्ट, ताठ, मोजून मापून. लॉकडाऊनमध्ये मास्क शिवले ते वेगळेच, त्याचा हिशोबच नाही. त्यामुळे मला वाटायला लागलं होतं की आपल्याला शिवता येतं.

आणि मग मी गोधडी करायला घेतली.

झालं असं की आई गेल्यावर तिच्या कपाटातल्या सुती साड्या मी घेऊन आले. नेसणार तर नव्हते, कोणाला देववतही नव्हत्या. अकरा साड्या. बहीण अमेरिकेत असते, ती आली तेव्हा गोल चाकाचं रोटरी कटर आणि खाली ठेवायची हिरवी मॅट घेऊन आली, म्हणाली तिकडे बायका याच्यावर क्विल्ट करतात, तू आईच्या साड्यांची कर. कटर इतकं मस्त चालतं की पिझ्झा कापल्यासारखं, चार थर एका फटक्यात. मी हिशोब केला, साठ इंच बाय नव्वद इंच हवी, सहा इंचाचा एक चौकोन, म्हणजे दहा गुणिले पंधरा, दीडशे चौकोन. शिवणीसाठी अर्धा इंच जास्त धरून साडेसहाचे कापले. दोन रविवार नुसते कापत होते.

(मधेच सांगते, चौकोन कापायच्या आधी साड्या धुऊन घ्या. माझ्या धुतलेल्याच होत्या, वीस वीस वर्षं धुतलेल्या, त्या आटायच्या त्या कधीच्या आटल्या. पण रंग पुरे पडेनात म्हणून मी एका दुकानातून प्युअर कॉटन म्हणून दोन मीटर लाल कापड आणलं होतं, ते भिजत घातलं तर बादलीत कुंकू कालवल्यासारखं. शिवाय हाताला काहीतरी निसरडं लागत होतं म्हणून कडेचा एक धागा काढून काडीने जाळून बघितला. सुती धागा कागदासारखा जळतो आणि राख बोटाने चुरडता येते. याचा काळा कडक मणी झाला. म्हणजे पॉलिस्टर मिसळलेलं. दुकानदार म्हणाला, ताई, आजकाल असंच येतं. ते कापड परत घेतलं नाही ते नाहीच. त्याची मी नंतर छत्रीची पिशवी केली.)

चौकोन जोडायला घेतले. आता इथे गंमत बघा. साडेसहाचा चौकोन सहाचा व्हायचा तर प्रत्येक बाजूने शिवण पाव इंचाची हवी. माझा हात बसलेला ब्लाऊज आणि बॅगांवर, अर्धा इंच सोडल्याशिवाय टीप पडतच नाही. सगळे दीडशे चौकोन जोडून झाल्यावर जमिनीवर अंथरलं आणि मोजलं तर पंचावन्न बाय साडेब्याऐंशी. मी टेप तीनदा लावली. नवरा म्हणाला, टेप आटली असेल. प्रत्येक चौकोन अर्धा इंच खाऊन बसला होता, दहा चौकोनांत पाच इंच, पंधरात साडेसात. उसवणं शक्यच नव्हतं. नशीब असं की खालच्या बाजूसाठी आईची निळी साडी ठेवली होती, तिचे नव्वद नव्वद इंचाचे दोन तुकडे जोडले की रुंदी पण नव्वदच्या आसपास होते, आणि मला साठच हवी होती, म्हणजे तीस इंच उरत होतं. त्याच्या पट्ट्या कापून चारी बाजूंनी अडीच अडीच इंचाची किनार लावली. आता बघणारा प्रत्येक जण म्हणतो की ती निळी किनार किती सुंदर सुचली तुला. हो हो, म्हणते, सुचली.

थर लावायला हॉलमधलं टीपॉय-खुर्च्या सगळं बाहेर. आमच्याकडे दोन फुटी टाइल्स आहेत, त्यांच्या सांध्यांच्या रेषेवर कापडाची कड धरली की आपोआप काटकोन मिळतो, त्याच्यासारखी सोय नाही. खाली निळी साडी पालथी, कडांना चिकटपट्टी, त्यावर आत घालायच्या दोन जुन्या साड्या आणि एक विरलेलं धोतर, वर चौकोनांचं तोंड. सुरकुत्या हाताने मधून बाहेर सारायच्या. टाचण्या लावल्या आणि गेले मशीनवर.

तीन ओळी शिवल्या. वरून झकास. उलटी केली आणि रडू आलं, खाली सगळ्या चुण्या. मशीनचे खालचे दात खालचं कापड ओढतात, वरचा पाय वरचं दाबून धरतो, मधे तीन थर, त्यामुळे प्रत्येक थर आपापल्या वेगाने चालतो आणि ओळीच्या शेवटी वरच्या कापडाचा एक इंच नुसता गोळा होऊन उरतो. यावर उपाय असतो, वॉकिंग फूट म्हणून एक वेगळा पाय मिळतो जो वरूनही कापड पुढे ढकलतो, तो मागवला, बरा चालला पण. पण आमच्या मशीनच्या सुईपासून उजव्या खांबापर्यंत जेमतेम सात इंच जागा, त्यात अख्खी गोधडी गुंडाळी करून घुसवायची आणि खांद्यावर घेऊन ढकलत राहायची. अर्ध्या तासात मान गेली. सगळ्या ओळी उसवल्या. दोन संध्याकाळी.

दिवाळीत गावाला गेले तेव्हा ते बोचकं गाडीत टाकून नेलं. आमचं गाव कराडजवळ. तिथे अठ्ठ्याहत्तर वर्षांची माझी आत्या आहे. ती याला गोधडी म्हणत नाही, वाकळ म्हणते. माझ्या सासरी, नाशिककडे, गोधडी. आत्याने आयुष्यात किती वाकळा शिवल्या तिलाच माहीत नाही, नवरात्राच्या आधी घरातल्या सगळ्या वाकळा नदीवर नेऊन धुवायच्या, खडकावर आपटायच्या, आणि फाटलेल्या दिसल्या की हिवाळ्यात त्याच्यावरच नवीन साडी चढवून परत शिवायची, म्हणजे जुनी वाकळ नवीच्या पोटात. तिच्या अंगावर असलेल्या वाकळीत आत तिच्या सासूचं लुगडं आहे.

तिने माझे चौकोन बघितले. हात फिरवला. "रेघा लई सरळ आल्यात," म्हणाली. मला वाटलं कौतुक.

मग मी तिच्यासमोर हाताने शिवायला बसले, म्हटलं आता दाखवूच. चांगला जाड सुती दोरा, लांब सुई, धावदोरा. मी बॅगेच्या सवयीने प्रत्येक चार टाक्यांनंतर दोरा खेचून घट्ट करत होते. तिने हात धरला. "आगं पोरी, ही काय पोत्याची शिलाई हाय व्हय? दोरा वढू नगंस. कापड झोपलंय, झोपू दे."

आणि खरंच, मी ओढलं की तिथे बारीक चुणी पडत होती. सहा महिने मी मशीनला शिव्या देत होते. तेच मी हाताने करत होते.

आत्याची पद्धत अशी. आधी सगळ्या वाकळीला लांब लांब कच्चे टाके, वीतभर अंतरावर, नुसते थर हलू नयेत म्हणून. टाचण्या नाहीत, टाचण्या टोचतात आणि एखादी आत राहिली तर कोणाच्या तरी पाठीत. मग कडेपासून सुरुवात, चारी बाजूंनी फिरत फिरत आत जायचं, एकाच्या आत एक चौकट, शेवटी मध्यावर. दोन ओळींत बोटाचं अंतर. मी विचारलं, मधून बाहेर गेलं तर सुरकुत्या बाहेर जातील ना, क्विल्टवाले तसंच सांगतात. म्हणाली, कड आधी बंद केली की आतलं कुठं जातंय? नंतर एका व्हिडिओत कळलं की कर्नाटकात हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी बायका कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, शिवतात तीही कडेपासूनच आत, आणि त्या तर चौकोन आधी जोडतही नाहीत, चिंध्या ठेवत ठेवत जातात आणि चार कोपऱ्यांना कापडाची घडी करून फुलं लावतात. माझे दोन रविवार कापण्यात आणि तीन जोडण्यात गेले ते आठवून मी तो व्हिडिओ बंद केला. पण फुलं मात्र चोरली, माझ्या गोधडीच्या चारी कोपऱ्यांना आहेत.

टाक्याची पण भानगड झाली. मला वाटलं लवकर व्हावं म्हणून पाऊण-एक इंचाचा टाका घालत होते, ओळ भराभर पुढे जात होती. आत्याने बघितलं आणि स्वतःचा पाय पुढे केला, म्हणाली, "एवढा लांब टाका घातलास तर रातच्याला जोडवी अडकत्याल की." मी पायाकडे बघितलं. मी जोडवी घालत नाही, पण अंगठ्याचं नख अडकेल हे पटलं. वरून दिसणारा टाका तांदळाच्या दाण्याएवढा हवा, तेवढाच खाली. सुईवर एका वेळी चार-पाच टाके घ्यायचे, मनगट हलवायचं नाही, डाव्या हाताने खालून कापड सुईवर चढवायचं. अंगुस्तान मला शेवटपर्यंत जमलं नाही, मधल्या बोटाला चिंधी गुंडाळते, आत्यासारखी.

पुण्याला परत आल्यावर जमेल त्या रात्री जेवणं आवरल्यावर एक तास. टीव्ही चालू असतो, मी बघत नाही, ऐकते. कालनिर्णयवर तासांच्या रेघा मारत होते, मुलगी म्हणायची, आई तू काय जेलमध्ये आहेस का. नोव्हेंबरात सुरू केली, मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात संपली. रेघा मोजल्या तर साठाच्या वर तास. एकदा सहज गणित केलं, साठ बाय साडेसत्त्याऐंशी, ओळी एक इंचावर, म्हणजे सगळी मिळून सव्वापाच हजार इंचांची शिवण, चारशे सदतीस फूट. आमची बिल्डिंग सात मजली आहे, तिच्या गच्चीवरून दोरा खाली सोडला तर गच्ची ते जमीन अशा पाच-सहा खेपा होतील.

म्हणून ऑफिसमधल्या मैत्रिणीने जेव्हा फोटो बघून विचारलं, "माझ्यासाठी पण शिव ना, हजार रुपये देते की," तेव्हा मी हसले फक्त. तासाला सोळा रुपये. कापड माझं. बॅगा मी देते लोकांना, दोन-तीन तासांचं काम, सामानाचे पैसे घेते आणि वर थोडे, त्यात मला वाईट वाटत नाही. गोधडी विकायचा विचार केला तर पोटात गोळा येतो. ज्या बायका पोटासाठी हे शिवतात त्यांना लोक काय भाव देत असतील देव जाणे, निदान मी तरी आता कुठल्याच प्रदर्शनात घासाघीस करत नाही.

पहिली धुलाई हा एक वेगळाच प्रकार. कोरडी अडीच किलो भरली होती, म्हटलं साडेसहा किलोचं वॉशिंग मशीन आहे, आरामात बसेल. बसली पण. पाणी प्यायल्यावर ती जी जड झाली, स्पिनला मशीन बाथरूमच्या दारापर्यंत चालत आलं. आता टबमध्ये पायाने तुडवून धुते आणि गच्चीत दोन दोऱ्यांवर पसरून वाळवते, एका दोरीवर टाकली की मधे पाणी साठून थर खाली ओघळतात. धुतल्यावर एक झालं, सगळे टाके थोडे आत बसले आणि वर बारीक लाटा आल्या, जुन्या वाकळींना असतात तशा. तेव्हा ती पहिल्यांदा वाकळीसारखी दिसली.

आईची एक पोपटी साडी होती, बाजारात जाताना नेसायची, तिचे नऊ चौकोन आहेत त्यात. त्यातला एक, मुलीच्या पायाकडचा, आताच विरायला लागलाय, आडवे धागे सुटे झालेत. साडी बहुतेक पदराकडून घडीवर जीर्ण झाली असणार आणि मी ते न बघता कटर फिरवलं. कापड उजेडासमोर धरून बघायचं असतं, जिथून जास्त उजेड येतो तो भाग वर घ्यायचा नाही, आत घालायचा. हे आत्याने सांगितलं होतं, पण तोवर माझं कापून झालं होतं.

मे महिन्यात आत्या आमच्याकडे आली होती, डोळ्याच्या ऑपरेशनसाठी. रात्री तिला तीच गोधडी दिली. सकाळी चहा घेऊन गेले तर पट्टी नसलेल्या डोळ्याजवळ कड धरून ओळी बघत बसलेली. म्हटलं, काय, जमलीय का? बोटाने चाचपत चाचपत तिने एक जागा शोधली, दिवाळीत गावाला घातलेली माझी सुरुवातीची ओळ, ती लांब टाक्यांची, जी मी आळस करून तशीच ठेवली होती.

"हितं अडकलं," म्हणाली. "सुई आण."